विदा सोफा घेते

सर्बियातल्या चाचाक शहरात नदीच्या बाजूला ज्या जुन्या चार मजली इमारती आहेत, त्यांतल्या एकीत तिसऱ्या मजल्यावर विदोसावा राहते. पूर्ण नावाने तिला फक्त पोस्टमन हाक मारतो, बाकी सगळ्या जिन्याची ती विदा. कागदाच्या कारखान्यात गठ्ठे बांधण्यात तिची सगळी नोकरी गेली आणि हातांची ती सवय अजून सुटलेली नाही. टॉवेल असो, चादर असो, नाहीतर नवऱ्याचा सदरा, विदाने घडी घातली की कोपऱ्याला कोपरा जुळलाच पाहिजे. अंगाने ठेंगणी, बोलायला गोड, आणि मनात काय चाललंय त्याचा चेहऱ्याला पत्ता लागू न देण्यात पटाईत. तिचा नवरा ब्लागोये आयुष्यभर बस चालवत होता. त्याला मनातलं लपवण्याचा प्रश्नच येत नाही, कारण मनात यायच्या आधीच ते त्याच्या तोंडून बाहेर पडलेलं असतं.

घर म्हणाल तर एक खोली, एक स्वयंपाकघर, आणि एक माणूस आत गेला की दुसऱ्याने बाहेर ताटकळायचं असं न्हाणीघर. मुलगी लग्न होऊन सुबोतित्साला गेली, तिचा लहानपणीचा पलंग तिच्याबरोबर गेला. खोलीत उरला तो एक सोफा-कम-बेड. दिवसा त्याच्यावर बसायचं, रात्री पाठ खाली पाडून त्याचा पलंग करायचा, सकाळी अंथरूण खालच्या खणात कोंबून पुन्हा बसायचं. आमच्या इमारतीत घरोघरी हेच आहे. खास शयनगृह वगैरे असलेली माणसं आम्ही टीव्हीवर बघतो.

गोष्ट सोफ्याची असली तरी खरी भानगड विदाच्या झोपेची आहे. या बाईला उभ्या जन्मात स्वतःचा असा बिछाना मिळाला नव्हता. लहानपणी डोंगराकडच्या गावात चौघी बहिणी एका पलंगावर आडव्या झोपायच्या, पाय बाहेर लोंबत. कारखान्याच्या वसतिगृहात एका पलंगाला दोन मुली होत्या, एक दिवसपाळीची आणि एक रातपाळीची. विदा उठली की दुसरी येऊन तिच्याच ऊबेत शिरायची. लग्न झालं तेव्हा सासूच्या घरी चुलीशेजारी जागा मिळाली. आणि पुढे शहरात हे घर मिळालं, हप्त्यांवर सोफा आला, विदाला वाटलं आता सुटले. तेवढ्यात पाहुणे सुरू झाले.

आता आमच्याकडे पाहुणा म्हणजे काय, हे मी वेगळं सांगायला नको. घरात जे सगळ्यात चांगलं असेल ते त्याचं. जाड साय त्याची, मोठा पेला त्याचा, सोफाही त्याचा. पाहुणा आला की ब्लागोये खिडकीखालच्या आरामखुर्चीत स्टुलावर पाय टाकून झोपायचा. त्याला बसल्या बसल्या कुठेही झोप लागते. ही सवय नोकरीत नसून निवृत्तीनंतरच लागली असावी, अशी त्याच्या बसने फिरलेल्या आम्हा सगळ्यांची आशा आहे. आणि विदा स्वयंपाकघरातल्या बाकड्यावर. जेवायच्या टेबलाला धरून कोपऱ्यात बसवलेलं, लाकडी, जेमतेम वीत-दीड वीत रुंद. त्याच्यावर कुशीवर झोपायचं आणि रात्रभर कूस बदलायची नाही, कारण बदलली तर फरशी.

"तू इथे कशी काय झोपतेस गं?" कुणी पाहुणा विचारी.

"मला स्वयंपाकघरातच बरं वाटतं. उबदार असतं," विदा म्हणे. इतक्या वेळा म्हणाली की नवऱ्याला ते खरंच वाटायला लागलं. "आमच्या विदाला बाकडंच आवडतं," तो पाहुण्याला सांगे आणि स्टूल पायाखाली ओढे.

पाहुण्यांत पहिला नंबर नणंदेचा. मिलुंका ब्लागोयेची थोरली बहीण, विधवा, द्रागाचेवोकडच्या खेड्यात एकटी राहणारी. डॉक्टरला दाखवायच्या निमित्ताने ती बसने यायची. एका हातात अंड्यांची टोपली, दुसऱ्या हातात कायमाकाचा, म्हणजे खारवलेल्या सायीचा, डबा, आणि काखेत बहुधा एखादी जिवंत कोंबडी. डॉक्टर पहिल्या दिवशी सांगायचा की हिला काही झालेलं नाही, आणि त्या आनंदात मिलुंका आठवडाभर राहायची. बोलायला कडक. भावाला अजून "कार्ट्या" म्हणते. विदाच्या हातच्या कुठल्याही पदार्थाला तिने कधी "वाईट नाही" याच्या वर चढवलं नाही. एक गोष्ट मात्र तिला या घरातली पसंत होती, ती म्हणजे तो सोफा. दगडासारखा कडक. मधली स्प्रिंग तेवढी वर आलेली.

"हं, ही झोपायची जागा," सकाळी उठून पाठ चोळत मिलुंका म्हणायची. "मऊ बिछान्यांनी लोकांची हाडं बिघडली. डॉक्टरनेच सांगितलंय मला, कडक म्हणजे कडक."

तो सोफा गेल्या शरदात मेला. ब्लागोयेचा एक बसवाला मित्र, अंगाने भरभक्कम, फळांच्या दारूचा, म्हणजे राकियाचा, पेला हातात घेऊन त्याच्यावर बसल्या बसल्या जोरात हसला. नुसता हसला, उडी वगैरे मारली नाही. कड्‌ असा आवाज झाला, एक पाय आत गेला, आणि मित्र पेल्यासकट उतारावरून घसरला. पेला त्याने सांडू दिला नाही, हे ब्लागोये आजही अभिमानाने सांगतो.

आणि पुढच्या महिन्यात स्लावा, म्हणजे घराण्याच्या संताचा सण. ब्लागोयेच्या घराण्याचा संत म्हणजे संत दिमित्रिये. त्याचा दिवस नोव्हेंबरात येतो. त्या दिवशी कुणाला बोलवायचं नसतं. ज्याला आठवण असते तो येतो, आणि ब्लागोयेच्या दुर्दैवाने त्याच्या ओळखीच्या माणसांची आठवण फार चांगली आहे.

"लांब पाहिजे," ब्लागोये म्हणाला. "लांब आणि कडक. मऊ सोफ्यात पाहुणा रुतला की त्याचा हात टेबलापर्यंत पोचत नाही. उपाशी मरेल बिचारा."

"पोटाएवढ्या हाताचे आहेत सगळे तुझे पाहुणे. पोचतो बरोबर," विदा म्हणाली.

"आणि एकदा प्यायला की मऊ सोफ्यातून उठत नाही कुणी. मग काय क्रेन आणायची?"

"मला झोपायला पाहिजे, ब्लागोये. वर्षातून एक दिवस स्लावा. बाकीच्या रात्री कुणाच्या?"

"बाकीच्या रात्री तुझ्याच की. तुला कोण नको म्हणतंय?"

विदाने हातातल्या टॉवेलाची घडी घातली. पण तिच्या डोक्यात एक बेत शिजत होता, आणि तो मी सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे. नुसता चांगला सोफा घेऊन उपयोग नव्हता. चांगला सोफा घेतला की पाहुणे वाढणार, मुक्काम लांबणार, आणि ती आपली बाकड्यावर. म्हणजे जितका सोफा चांगला तितकी तिची झोप वाईट. सोफा असा पाहिजे होता की जो तिला मानवेल आणि मिलुंकाला सोसणार नाही. अतिशय मऊ! मिलुंका एकदा त्याच्यावर टेकेल, म्हणेल, "अगं बाई, माझी पाठ," आणि स्वतःहून कडक बाकडं मागून घेईल. पाहुणीने स्वतः मागितलं तर नाही कसं म्हणायचं? बेत इतका सुबक होता की विदाला त्याची थोडी लाज वाटली. पण थोडीच.

शनिवारी दोघं क्रालेवोच्या रस्त्यावरच्या एका फर्निचरच्या दुकानात गेली. विदाच्या हातात मोठी पिशवी होती.

"त्यात काय आहे?" ब्लागोयेने बसमध्येच विचारलं.

"सपाता. आणि उशी."

"उशी? दुकानात?"

"मग काय चपला घालून लोकांच्या गादीवर चढू? कुठल्या घरात वाढलास तू?"

ब्लागोये पुढच्या थांब्यापर्यंत खिडकीतून बाहेर बघत बसला, जसा काही तो या बाईला ओळखतच नाही.

दुकानात दोघांची परीक्षा दोन तऱ्हांची होती. ब्लागोये सोफ्याच्या एका टोकाला बसायचा, मग ढुंगणभर सरकायचा, पुन्हा बसायचा, आणि तोंडाने पुटपुटायचा, "इथे काका, इथे काकू, इथे पाद्री, पाद्रीला जरा जास्त, इथे तो सोफा मोडणारा जाड्या, म्हणजे इथेही तोच." विदा मात्र बूट काढून, सपाता घालून, मग त्याही खाली काढून ठेवून, उशी मांडून सरळ आडवी व्हायची. एका कुशीवर, दुसऱ्या कुशीवर, पाठीवर. पहिल्यावर मधली फट पाठीत रुतली. दुसरा छान होता, पण उघडताना असा काही किंचाळला की रात्री कुणी पाणी प्यायला उठलं तर अख्खा जिना जागा होईल. तिसऱ्याला अंथरूण ठेवायला खणच नव्हता. "मग दिवसा गाद्या कुठे ठेवायच्या, डोक्यावर?" असं तिने सोफ्यालाच विचारलं.

दुकानवाला ओब्राद नावाचा, पोटाला मापाची टेप बांधलेला गृहस्थ होता. आधी तो लांबून बघत होता, मग जवळ आला. ब्लागोयेला वाटलं आता बाहेर काढतो.

"मावशी," ओब्राद म्हणाला, "इतकी वर्षं दुकान चालवतोय, पण घरातल्यासारखं नीट झोपून बघणारं पहिलंच गिऱ्हाईक आलं. लोक मुठीने दाबतात. मुठीने काय झोपायचंय? या इकडे, तो भिंतीकडचा बघा."

भिंतीकडचा सोफा वांग्याच्या रंगाचा होता. आतली चौकट पुढे ओढली की गादी आपोआप सपाट व्हायची, मधे फट नाही, आवाज नाही. खाली खण एवढा मोठा की त्यात ब्लागोयेही मावला असता. विदा त्याच्यावर आडवी झाली. मग म्हणे तिला एवढंच आठवतं की आपली टाच कुठेच टोचत नाहीये याचं तिला नवल वाटलं.

पुढचं तिला नंतर सांगण्यात आलं. ती झोपली. भर दुकानात, शनिवारच्या गर्दीत, तोंड थोडं उघडं टाकून गाढ झोपली. ब्लागोयेने तिच्या खांद्याला हात लावला तेव्हा एका म्हाताऱ्या बाईने त्याचा हात बाजूला केला आणि स्वतःचा कोट विदाच्या पायांवर घातला. कुणीतरी बाहेरून दार उघडलं तर सगळं दुकान दबक्या आवाजात एकदम ओरडलं, "दार लावा! बाईला वारा लागतोय!" आमच्याकडे माणसाला कर्जाने, दारूने, नवऱ्याने काही झालं तर लोक समजून घेतात, पण झोपलेल्या माणसाला दोन दारांमधला वारा लागू देणं म्हणजे खूनच.

ब्लागोये शेजारच्या खुर्चीत टोपी मांडीवर घेऊन बसला. इतक्या माणसांनी आपल्या बायकोला झोपलेलं बघावं याची त्याला लाज वाटत होती, आणि तिला उठवायचं त्याच्या जिवावर आलं होतं. थोड्या वेळाने त्याने ओब्रादला खुणेने बोलावलं.

"किती माणसं बसतात ह्याच्यावर?"

"काका, झोपलेलं एक माणूस दिसतंय ना तुम्हाला?"

"दिसतंय."

"मग?"

ब्लागोयेने टोपी डोक्यावर ठेवली, पुन्हा काढली. "हाच द्या," तो म्हणाला. "दमली असेल. स्लावा जवळ आलीय ना, कामं असतात."

सोफा आला तो स्लावाच्या आदल्या दिवशी. तिसरा मजला, लिफ्ट नाही, जिन्याला वळण. दोन हमाल, ब्लागोयेचा आरडाओरडा, आणि प्रत्येक मजल्यावर दार उघडून सल्ला देणारी शेजारीण. "उभा करा!" "आडवा करा!" "पाय काढा त्याचे!" आमच्या शेजारची कोसारा तर हमालांना म्हणाली की कापून आणा, वर शिवू. तरी तो वर पोचला. मग तो कुठे ठेवायचा यावर तासभर चर्चा झाली, कारण खिडकीखाली वारा, दारासमोर वारा, आणि उरलेल्या भिंतीवर संताची तसबीर. शेवटी तो तसबिरीखाली बसला. उघडल्यावर तो इतका पुढे येत होता की आरामखुर्चीला जागाच उरली नाही. ती कोसाराच्या बाल्कनीत गेली.

त्या रात्री विदा सोफ्यावर झोपली असं तुम्हाला वाटेल. कुठची झोप! आंबवलेल्या कोबीच्या पानांत खिमा गुंडाळून सर्मा करायचा होता, डुकराचं मांस भाजायचं होतं, स्लावाची पावासारखी जाड पोळी मळून तिच्यावर कणकेची पाखरं आणि द्राक्षांचे घोस बसवायचे होते. विदा मधूनच ओल्या हाताने खोलीच्या दारात यायची, वांग्याच्या रंगाकडे बघायची, आणि पुन्हा आत जायची.

सकाळी पाद्री आला, मेणबत्ती लागली, पोळी फिरवून कापली, आणि त्याच्या पाठोपाठ माणसं लोटली. दारात उकडलेल्या गोड गव्हाचा चमचा घ्यायचा, मग राकिया, मग टेबल. आणि सोफ्याने ब्लागोयेला खोटं पाडलं. काका बसले, काकू बसली, जाड्याही बसला, कुणी उपाशी मेलं नाही. उलट मागे रेलून सगळे म्हणत होते, "आहाहा ब्लागोये, हे काय घेतलंस रे! उठावंसंच वाटत नाही," आणि खरंच उठत नव्हते. ब्लागोये आणि विदा दिवसभर उभी होती. स्लावाच्या दिवशी यजमान बसत नाही. पाहुणा बसला असताना यजमान त्याच्या मागे बाटली घेऊन उभा, यजमानीण ताट घेऊन उभी. आपल्याच नव्या सोफ्यावर विदा अजून एकदाही टेकली नव्हती.

मिलुंका दुपारी आली. लोकरी जाकीट, काखेत कोंबडी. आल्या आल्या तिने मूठ वळून सोफ्याची गादी दाबली. मूठ आत गेली.

"हे काय आणलंस रे कार्ट्या? कणीक?"

"मऊ आहे," ब्लागोये म्हणाला.

"मऊ आहे ते दिसतंय मला. आंधळी नाही झाले. ह्याच्यावर पाठ मोडेल माणसाची."

विदाने स्वयंपाकघरात जाऊन पातेल्यावर झाकण ठेवलं. ते ठेवताना ती हसत होती, असं कोसाराने बघितलं.

दिवे लागल्यावर घर हळूहळू रिकामं झालं. शेवटचा जाड्या गेला, त्याला दोघांनी हात देऊन उठवावं लागलं. विदाने सोफा उघडला, ताणून चादर घातली, कोपऱ्याला कोपरा जुळवला, आणि दिवसभर मनात घोळवलेलं वाक्य शक्य तितक्या सहजपणे टाकलं, "ताई, फार मऊ आहे बाई हा. तुला सोसेल का?"

"बघते," मिलुंका म्हणाली. जाकीट काढलं, केसांचा रुमाल सोडला, आणि आडवी झाली. विदा चादरीचा कोपरा पुन्हा पुन्हा सारखा करत राहिली.

"अगं आई गं," मिलुंका म्हणाली. तिने डोळे मिटले होते. "अगं आई गं, किती छान आहे हे."

"पण तुला तर कडक लागतं ना? डॉक्टर..."

"कसला डॉक्टर? घरी माझ्याकडे पिसांची गादी आहे, एवढी जाड."

"मग इतकी वर्षं...?"

मिलुंका कोपरावर रेलली आणि भावजयीकडे अशा नजरेने बघायला लागली जशी एखाद्या मंद मुलाकडे बघावं. "इतकी वर्षं तुमच्याकडे ते एकच लाकूड होतं. हप्ते फेडत होतात तुम्ही, पोरगी शिकत होती. मी काय म्हणायचं होतं? तुझा सोफा टोचतो म्हणून? ती स्प्रिंग माझ्या बरगड्यांना नावानिशी ओळखायची, विदे. पण म्हटलं, चांगलं आहे, कडक आहे, असंच पाहिजे मला. तुला बरं वाटावं म्हणून."

ज्या बाईला चुकवायला विदाने हा सोफा घेतला, ती बाई वर्षानुवर्षं तिची लाज झाकत होती. विदाच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याच वेळी आपला बिछाना गेला हेही तिला कळलं, आणि यातल्या कशासाठी रडायचं ते तिचं तिलाच ठरवता येईना. तिने खणातून उशी काढली आणि दाराकडे वळली.

"कुठे निघालीस?"

"झोपायला. स्वयंपाकघरात."

"एवढा मोठा पलंग असताना?"

"मला तिथेच बरं वाटतं, ताई. उबदार असतं."

मिलुंका उठून बसली. "विदे," ती म्हणाली, "इकडे बघ. मला कडक आवडतं तसंच ना हे?"

विदाला हसू फुटलं, आणि ते आवरेना. मिलुंकालाही फुटलं. दोघी म्हाताऱ्या बायका, एक उशी छातीशी धरून उभी, एक पलंगावर बसलेली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. ब्लागोये रिकाम्या बाटल्या गोळा करत होता, तो दारात येऊन म्हणाला, "प्यायलात का काय?"

"टाक ती उशी इथे," मिलुंका म्हणाली.

"नाही ताई. पाहुण्याचा बिछाना पाहुण्याचा."

"कोण पाहुणी? मी?" मिलुंकाचा आवाज चढला, आणि ती चढल्या आवाजातच चांगली बोलते. "स्लावा कुणाची आहे? माझ्या बापाची. ही तसबीर कुणाच्या भिंतीवरून आली? माझ्या बापाच्या. ह्या संतापुढे मी चालायला शिकले. माझ्या बापाच्या संताखाली मी पाहुणी? परक्या घरातून आलेली तू. ह्या घरात आजवर पाहुणी असेल तर ती तू आहेस, आणि पाहुण्याला कुठे झोपवतात हे मला शिकवू नकोस. चल, भिंतीकडून. वारा लागणार नाही."

विदाने ब्लागोयेकडे बघितलं.

"बरोबर आहे तिचं," ब्लागोये म्हणाला. बहिणीच्या चढल्या आवाजापुढे त्याला नेहमीच सगळं बरोबर वाटतं. "पण मग मी कुठे? आरामखुर्ची तर कोसाराकडे गेली."

"आज यजमानाने काय करायचं असतं?"

"उभं राहायचं."

"मग राहा."

"रात्रभर?"

"नाहीतर ते बाकडं आहे की. उबदार असतं. तूच सगळ्यांना सांगतोस ना किती छान आहे ते?"

ब्लागोयेने बहिणीकडे बघितलं, बायकोकडे बघितलं, आणि घोंगडी उचलून मुकाट्याने स्वयंपाकघरात गेला. विदा भिंतीकडून आडवी झाली. टाच कुठेच टोचत नव्हती. मिलुंकाने दिवा घालवला आणि अंधारात आपल्या कोंबड्यांचं, शेजाऱ्याच्या कुत्र्याचं, आणि यंदाच्या प्लमच्या राकियाचं असं काहीबाही सुरू केलं. विदा हं, हं म्हणत होती.

स्वयंपाकघरातून आधी लाकूड करकरल्याचा आवाज आला. मग काहीतरी धप्पकन फरशीवर पडलं. मग एक शिवी. मग पुन्हा करकर. मग बराच वेळ काहीच नाही, आणि मग ब्लागोयेचा आवाज आला, त्याचा नेहमीचा नव्हे, हळू.

"विदे? अगं, ह्याच्यावर कूससुद्धा बदलता येत नाही." थोडं थांबून तो पुन्हा म्हणाला, "विदे, इतकी वर्षं तू ह्याच्यावर झोपत होतीस?"

उत्तर आलं नाही. मिलुंकाने कोंबड्यांची गोष्ट अर्धवट सोडून हात लांबवून चाचपलं. विदा झोपली होती, सोफ्याच्या बरोबर मधोमध, हातपाय चारी दिशांना फेकून, आणि थोरल्या नणंदेसाठी तिने कडेची वीतभर जागा तेवढी ठेवली होती.